कळांवरच्या खुणा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वडील सरकारी कचेरीत होते. त्यांच्या माघारी माळ्यावरून एक जड कीबोर्ड निघाला. इंग्रजी अक्षरांशेजारी लाल रंगात मराठी अक्षरं आहेत, पण ‘के’वर क-ख, ‘जे’वर र-ऱ, आणि ५ ते ८ या आकड्यांवर ज्ञ, त्र, क्ष, श्र. ‘डी’वर अ आणि एक लोंबणारी तिरकी रेघ. आईला मराठी टायपिंग येतं, तिलाही काही जुळेना. फोटो सोबत पाठवला आहे.
— एक वाचक, सातपूर

उत्तर : आईंना जुळणार नाही, कारण त्या टाइपरायटरवर, म्हणजे रेमिंग्टन पद्धतीवर शिकल्या असणार. टाइपरायटर अक्षराचा आकार छापतो, म्हणून त्याच्या कळांवर अर्धी अक्षरं असतात. तुमच्या फोटोत अर्धं अक्षर शोधून दाखवा! एकही नाही. हा इन्स्क्रिप्ट कळफलक आहे. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये ही मांडणी ठरवली आणि १९९१ च्या आयएस १३१९४ या मानकात ती आली.

‘डी’वरची तिरकी रेघ म्हणजे अक्षराचा पाय मोडायची खूण. सगळी जोडाक्षरं तिच्यातून होतात, म्हणून ती डाव्या हाताच्या मधल्या बोटाखाली, हाताशी ठेवली आहे. डावीकडच्या वरच्या दोन ओळींत स्वर : नुसती कळ दाबली की काना-मात्रा, शिफ्टसोबत पूर्ण स्वर. उजवीकडे बहुतेक व्यंजनं : नुसती दाबली की क, ग, त, प, शिफ्टसोबत ख, घ, थ, फ. बाराखडी घोकलेल्या माणसाला ही मांडणी चटकन पाठ होते. ‘एन’वर शिफ्टसोबत ळ आहे आणि ‘जे’वरचा ऱ तर आपल्या ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’साठी लागतोच. मला हा कळफलक मनापासून आवडतो, कारण तो अक्षरांच्या आकारावर नाही, उच्चारावर चालतो.

‘नाशिक’ लिहून बघा : व्ही, ई, शिफ्ट-एम, एफ, के. वेलांटी ‘श’नंतर येते, जशी बोलताना येते. आईंना मात्र ती आधी मारायची सवय असेल, त्यांचा हात तिथेच अडखळला असणार. आणखी एक, चौकोनी कंसाच्या कळेवरचा बारीक ठिपका डाग समजून घासू नका, तो नुक्ता, म्हणजे अक्षराखाली द्यायचा ठिपका आहे. ‘एक्स’वरचा ठिपका अनुस्वार. ३ वर खालून जोडायचा र आणि ४ वर त्याचा भाऊबंद, रफार.

असे कीबोर्ड जिस्ट कार्ड, म्हणजे भारतीय लिप्या दाखवणारं जोडकार्ड बसवलेल्या संगणकांवर वापरत. ते काम आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालं आणि १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेने पुढे नेलं. विंडोजच्या आधीच्या, डॉसच्या जमान्यात ते कार्ड घातलं की पडद्यावर देवनागरी उमटायची.

आता विनंती. हा शोकेसमध्ये ठेवू नका, वापरा. पाच पिनांचा गोल प्लग असेल तर आधी कीबोर्ड उलटा करून बघा. काहींना खाली एक्सटी-एटी असं छोटं बटण असतं, ते एटीकडे सरकवा. मग साधा जोड लावून तो पीएस-टू या जुन्या छोट्या गोल सॉकेटमध्ये बसतो, आणि पुढे कन्व्हर्टर लावून यूएसबीत. विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड निवडा. वडिलांच्या कळांवर जे छापलंय तेच पडद्यावर येईल, कारण ही मांडणी आजही चालू आहे.

प्रश्न : भंगारात मिळालेल्या लांबलचक कीबोर्डवर ‘डू’ आणि ‘हेल्प’ अशी बटणं आहेत, एफ-२० पर्यंत एफ आहेत, पण एस्केप नाही. प्लग टेलिफोनसारखा. कशाचा आहे?
— एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचा एलके-२०१, किंवा त्याची नक्कल. हा १९८२ च्या सुमारास आला. व्हीटी-२२० टर्मिनलला, म्हणजे मोठ्या संगणकाला जोडायच्या पडदा-कीबोर्डच्या जोडीला, हाच असे. एस्केपचं काम एफ-११ करते. ‘हेल्प’ म्हणजे एफ-१५ आणि ‘डू’ म्हणजे एफ-१६. बाणांच्या कळा उलट्या ‘टी’सारख्या मांडलेल्या दिसतील. आज बहुतेक कीबोर्डवर दिसणारी ही मांडणी याच कीबोर्डमुळे रूढ झाली. सातपूर-अंबडला टर्मिनल दुरुस्तीची पिशवी घेऊन फिरायचो तेव्हा अशा कळा पाहिल्या की यंत्राकडे न बघताही काय काम आहे ते कळायचं. हा मात्र थेट संगणकाला जोडू नका. त्याची बोली वेगळी आहे, ४८०० बॉडने, म्हणजे सेकंदाला ४८०० बिटांच्या वेगाने बोलतो. खास कन्व्हर्टर लागेल.

प्रश्न : प्रिंट स्क्रीनच्या बटणावर ‘सिसआरक्यू’ लिहिलंय, ते कशासाठी?
— एक वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर : सिस्टिम रिक्वेस्ट. आयबीएमने १९८४ च्या पीसी-एटीला ही स्वतंत्र कळ दिली, थेट ऑपरेटिंग सिस्टिमला हाक मारण्यासाठी. पुढे १०१ कळांच्या कीबोर्डात ती प्रिंट स्क्रीनसोबत गेली. लिनक्समध्ये आजही ती कामाची आहे.

ता. क. : फोटो पाठवताना कीबोर्डची पाठही काढा, तिथल्या लेबलवर पार्ट नंबर आणि बऱ्याचदा तारीख असते. थिनरने कळा पुसू नका, छापील खुणा निघून जातात. कळा काढून सौम्य साबणाच्या पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच बसवा.