मुस्लिम शेजारी कट्टर आहेत की साधे, हे घर देण्याआधी कसं ओळखायचं?

तुमच्या सोसायटीत एक मुस्लिम कुटुंब फ्लॅट घेतंय, कमिटी एनओसी अडवून बसली आहे आणि तुम्हाला माणसं आधीच पारखायची काही खूण हवी आहे. अशी खूण नसते. ज्या काकांच्या अंगाखांद्यावर मी वाढले ते काय करू शकतात, हे मला तेराव्या वर्षापर्यंत कळलं नव्हतं. तुम्ही परक्यांना काय ओळखणार?

आम्ही जोगेश्वरी पूर्वेला चाळीत राहायचो. शेजारच्या खोलीत चाचा-चाची आणि त्यांची तीन मुलं, मूळचे चिपळूणकडचे. चाचा गोदीत कामाला. आईला बरं नसलं की पहाटे नळावर आमचे हंडेही चाचीच भरायच्या. त्याचं कुणाला कौतुक नव्हतं, चाळीत ते धरूनच चालायचे.

6 डिसेंबर 1992 ला बाबरी मशीद पाडल्यानंतरची पहिली दंगल आमच्या चाळीने कशीबशी काढली. मग 7 जानेवारीच्या मध्यरात्रीनंतर जवळच राधाबाई चाळीत एका खोलीला बाहेरून कडी घालून आग लावली. सहा हिंदू जळून मेले. त्यात पाच बायका होत्या, त्यातली एक अपंग मुलगी. सकाळी आमच्या गॅलरीत कुणी कुणाशी बोलत नव्हतं. दुधात विष घातलंय, समुद्रातून हत्यारं उतरलीत, अशा अफवा दर तासाला येत होत्या.

बाबांनी त्याच दुपारी पेचकस घेऊन चाचांच्या दारावरची पाटी काढली. चाची आणि मुलं आमच्या पोटमाळ्यावर बसली. चाचा गोदीतच अडकले होते. रात्री वीस-पंचवीस पोरं आली. बाबा म्हणाले, इथे आता त्यांच्यातलं कुणी राहत नाही. पोरं वळलीही होती. तेवढ्यात गॅलरीच्या टोकाकडून काकांचा आवाज आला, "सात नंबर."

त्यांनी कुलूप तोडलं. चाचींचं शिलाई मशीन खाली फेकलं, गाद्या पेटवल्या. चाची पोटमाळ्यावरून ते सगळं ऐकत होत्या, आणि धाकटीच्या तोंडावर त्यांनी हात धरून ठेवला होता. दोन दिवसांनी चाचा-चाची मुलांना घेऊन मुस्लिम वस्तीच्या मुंब्र्याला गेले, कायमचे. मे महिन्यात त्यांनी खोली विकली, निम्म्या भावात. घेतली आमच्या काकांनीच. माझा दहावीचा अभ्यास त्या खोलीत झाला.

काका आजही म्हणतात की ते स्वतःहून गेले. वर मलाच विचारतात, राधाबाई चाळीचं काय? आणि 12 मार्चच्या बॉम्बस्फोटांत 257 माणसं मेली त्यांचं काय? दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाने 900 मृत्यू मोजले, त्यात 575 मुसलमान आणि 275 हिंदू. मला हे सगळे आकडे पाठ आहेत, काकांना सोयीचे तेवढेच. स्फोट करणाऱ्यांना फाशी द्या, राधाबाई चाळ जाळणाऱ्यांना द्या, माझी हरकत नाही. पण त्याची वसुली चाचींच्या शिलाई मशीनवर कशी काय होते, याचं उत्तर मला तीस वर्षांत मिळालेलं नाही.

त्यांच्यात कट्टर नसतात असं मी म्हणत नाही. 2003 मध्ये चाचांच्या मोठ्या मुलीच्या लग्नाला मी मुंब्र्याला गेले होते. मधला मुलगा पार बदलला होता. घरातला टीव्ही त्याने काढायला लावला होता, धाकटीची नोकरी बंद केली होती, आणि माझ्यादेखत बापाला म्हणाला, हिंदूंना घरात कशाला बोलावता? चाची त्याच्यावर अशा कडाडल्या की तो उठून गेला. तोही त्या पोटमाळ्यावर होता, हे मला माहीत आहे. पण त्याच्या बहिणीही तिथेच होत्या आणि त्या तशा झाल्या नाहीत, म्हणून मी त्याला माफ करत नाही.

तो बिघडतोय हे सगळ्यात आधी चाचींना कळलं होतं. तेव्हा शेजारी माझी आई असती तर त्या तिच्याशी बोलल्या असत्या. 2014 मध्ये कल्याणची चार मुलं आयसिसमध्ये सामील व्हायला इराकला गेली, तेव्हाही पोलिसांत तक्रार घरच्यांनीच दिली होती. घरातल्यांना आधी कळतं, पण बोलायला बाहेर कुणी आपलं असावं लागतं. वेगळे मोहल्ले केले की ती वाट आपणच बुजवतो.

"ते लोक आपल्यातल्या कट्टरांविरुद्ध बोलत नाहीत" हेही काकांचं आवडतं वाक्य. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाई 18 एप्रिल 1966 ला सात मुस्लिम बायकांना घेऊन तोंडी तलाकविरुद्ध सचिवालयावर गेले होते. सातच. बाकीच्यांनी त्यांना एकटं पाडलं, हे खरं आहे आणि त्याचा मला राग आहे. पण आपण तरी कुठे त्यांच्या मागे उभे राहिलो?

एनओसीचं म्हणाल तर आदर्श उपविधींनुसार फ्लॅट हस्तांतराला सोसायटीची एनओसी लागतच नाही. सहकार कायद्याच्या कलम 23 प्रमाणे पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही, आणि धर्म हे पुरेसं कारण नाही. कमिटीला म्हणावं, नकार लेखी द्या. बहुतेक देणार नाहीत. उद्या त्या घरातून खरोखर कुणी धमकी दिली, मारहाण केली, तर सरळ पोलिसांत जा. तुमच्या मजल्यावरच्या कुठल्याही घराला हाच नियम लावा. तुमचे नवे शेजारी चाचींसारखे निघतील अशी हमी मी देत नाही, भांडकुदळही निघतील.

आमच्या चाळीचा पुनर्विकास ठरलाय. सात नंबरच्या बदल्यात काकांना फ्लॅट मिळणार आहे. मी त्यांना पत्र लिहून कळवलंय की तेव्हा निम्मी किंमत दिलीत, उरलेली निम्मी आजच्या भावाने मुंब्र्याला पोचवा, चाची अजून आहेत. तेव्हापासून काका माझा फोन घेत नाहीत. दिवाळीनंतर मी स्वतः जाणार आहे.