पुण्याहून गुरुग्राम की चेन्नई: हवामान कसं तोलायचं

प्रश्न थोडक्यात असा दिसतोय: कोथरूडचं चौघांचं घर, त्यात दुसरीतली मुलगी आणि सत्तरी ओलांडलेल्या, दमा असलेल्या सासूबाई. एकाच कंपनीत दोन जागा आहेत, एक गुरुग्रामला आणि एक चेन्नईत ओएमआरवर (ओल्ड महाबलीपुरम रोड, तिथला आयटी कंपन्यांचा पट्टा), पगारात फारसा फरक नाही. तुम्ही लिहिलंय की गुरुग्रामचं वार्षिक सरासरी तापमान २५ अंशांच्या आसपास दिसतं, म्हणजे पुण्याइतकंच, आणि चेन्नईचं २८-२९. मग गुरुग्रामच सोपं जाईल ना?

नाही जाणार. मी मूळची नागपूरची, लग्नानंतर पुण्याची. नोकरीमुळे आधी गुरुग्रामला आणि नंतर चेन्नईला राहणं झालं, आणि दोन्हीकडे घरात म्हातारं माणूस होतं. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी त्या सरासरीचं बघू. दिल्ली-गुरुग्राम पट्ट्यात जानेवारीच्या रात्री सरासरी ७ अंशांपर्यंत उतरतात आणि मे-जूनच्या दुपारी ४० च्या घरात जातात. या दोन टोकांची बेरीज करून भागाकार केला की पुणं मिळतं. पण पुण्यात आपण वर्षातले बरेच दिवस खरोखरच त्या पंचविसाच्या आगेमागे राहतो. तिथे तो आकडा मार्चमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वाटेत भेटतो, एवढंच. वार्षिक सरासरी बघून गाव निवडण्यात काही अर्थ नाही. वर्षातले सगळ्यात वाईट आठ-दहा आठवडे कोणते, ते कोणत्या प्रकारे वाईट आहेत, आणि त्या आठवड्यांत तुमच्या घरातलं सगळ्यात नाजूक माणूस दिवसभर कुठे बसणार आहे, हे बघायचं.

आकडे हवे असतील तर लांब जायला नको. शिवाजीनगरचं शिमला ऑफिस तुम्हाला माहीतच असेल. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली शिमल्याहून तिथे आलं म्हणून ते नाव पडलं. मुख्यालय पुढे दिल्लीला गेलं, पण देशभरच्या हवामानाच्या सरासऱ्यांचं काम अजून पुण्यातच चालतं. १९९१ ते २०२० या तीस वर्षांचे महिनावार तक्ते उपलब्ध आहेत. त्यात कमाल तापमानाच्या रकान्यावर डोळे लावू नका. मे-जूनचं किमान तापमान बघा, आणि आर्द्रतेचे दोन आकडे असतात, सकाळी साडेआठचा आणि संध्याकाळी साडेपाचचा, त्यातला संध्याकाळचा बघा. पुण्याच्या उन्हाळ्याची मजा त्या दोन रकान्यांत आहे: एप्रिलमध्ये दुपारी ३८-३९ झाले तरी हवा कोरडी, संध्याकाळी वारं सुटतं आणि रात्री २२-२३ वर येतं, माणूस झोपतो. चेन्नईत मे-जूनची रात्र २७-२८ च्या खाली उतरत नाही. दिल्लीकडे जूनमध्येही तेच. दिवसाचा उकाडा माणूस कसाबसा काढतो. रात्री झोप झाली नाही तर आठवड्याभरात घरात भांडणं सुरू होतात.

बातम्यांतले विक्रमी आकडे तर सरळ सोडून द्या. २०२४ च्या मे महिन्यात दिल्लीच्या मुंगेशपूर केंद्रावर ५२.९ अंशांची नोंद झाल्याचं सगळीकडे गाजलं. नंतर हवामान खात्यानेच तपासून सांगितलं की तिथला सेन्सर सुमारे ३ अंश जास्त दाखवत होता. तसाही ५२ असो वा ४९, त्यावरून घर कुठे घ्यावं हे कळत नाही.

आर्द्रतेसाठी मी एकच आकडा बघते, दवबिंदू, म्हणजे हवा किती अंशांपर्यंत थंड झाली की दव पडायला लागेल ते तापमान. मोबाइलवरच्या बहुतेक हवामान ॲपमध्ये असतो, पण कुणी बघत नाही. हवेत प्रत्यक्ष किती बाष्प आहे ते त्यातून कळतं, आणि घाम वाळणार की अंगावरून ओघळणार हे त्यावर ठरतं. पुण्यात भर पावसाळ्यात तो २१-२२ असतो. चोवीसच्या वर गेला की पंखा नुसती गरम हवा ढवळतो. चेन्नईत एप्रिल ते सप्टेंबर तो चोवीस-पंचवीसच्या आसपास असतो. आता बहुतेकांना माहीत नसलेली गोष्ट: जुलै-ऑगस्टमध्ये गुरुग्रामचाही दवबिंदू तेवढाच, कधी त्याहून जास्त असतो. म्हणजे ‘दिल्लीकडे कोरडी हवा असते’ हे मे महिन्यापुरतं खरं आहे. जूनअखेर पाऊस पोहोचला की तिथेही चेन्नईच होते, आणि समुद्राचं वारं मात्र नसतं.

गुरुग्रामच्या मे महिन्याला मी घाबरत नाही, नागपूरकर कोणीच घाबरणार नाही. आमचा मे त्याहून तापतो. वाळ्याचा कूलर, पडदे, दुपारी अकरा ते पाच घरात, कांदा आणि पन्हं, हे सगळं अंगवळणी पडलेलं असतं. फरक एवढाच की विदर्भात जूनच्या मध्यावर पाऊस येतो आणि गुरुग्रामला अख्खा जून तसाच काढावा लागतो, वर अधूनमधून धुळीची आंधी. आणि पाऊस आला की कूलर निकामी. दमट हवेत तो खोलीत आणखी दमटपणाच भरतो. म्हणजे कूलर आणि एसी दोन्ही लागतात. शिवाय थंडीसाठी रजाया, हीटर आणि प्रत्येक न्हाणीघरात गीझर. तिकडच्या घरांत ऊब धरून ठेवायची काही सोय नसते. जानेवारीत धुकं चार-चार दिवस हटत नाही, तेव्हा दुपारीसुद्धा पारा १४-१५ वर अडतो आणि फरशीवर पाय ठेववत नाही. पुण्याच्या थंडीत सकाळी स्वेटर आणि दुपारी पंखा असतो. ती सवय तिथे कामाची नाही.

पण तुमच्या घरासाठी मुद्दा थंडी-उन्हाचा नाही, हवेचा आहे. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात वारा पडतो, रात्री जमिनीलगतची हवा थंड होते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर बसतो. खालची हवा वर जाऊ शकत नाही. मग वाहनं, बांधकामाची धूळ, कारखाने, पंजाब-हरियाणात पेटवलेला भाताचा पेंढा, दिवाळीचे फटाके, सगळं त्या थराखाली साठत जातं. १८ नोव्हेंबर २०२४ ला दिल्लीचा हवा निर्देशांक (एक्यूआय, जितका जास्त तितकी हवा वाईट) ४९० च्या वर होता, आणि ही मोजपट्टी मुळात ५०० लाच संपते. त्या दिवसांत शाळा ऑनलाइन झाल्या, बांधकामं थांबवली. लोकांना वाटतं हे दिवाळीनंतरच्या आठवड्याचं प्रकरण आहे. पेंढ्याचा धूर नोव्हेंबरअखेर ओसरतो, पण डिसेंबर-जानेवारीत धुक्याबरोबर हवा तशीच अडकून राहते. म्हणजे धरा तीन महिने. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या रोजच्या नोंदी जुन्या वर्षांच्याही बघता येतात. नोव्हेंबर ते जानेवारीतले ३०० च्या वरचे दिवस स्वतः मोजून बघा, माझ्यावर विश्वास ठेवू नका.

एअर प्युरिफायरने काम होतं, पण एका यंत्राने एकच खोली होते, तीही दारंखिडक्या बंद ठेवून. सासूबाई तीन महिने एका बंद खोलीत राहणार का? फिरायला खाली जाणार नाहीत, देवळात जाणार नाहीत, आणि ओळखीचं कुणी नाही. आमच्याकडच्या ज्येष्ठांना श्वासापेक्षा त्या कोंडून राहण्याचाच जास्त त्रास झाला. मुलीचंही तेच. मैदानावरचा खेळ वर्षातले तीन महिने हवेमुळे आणि दोन महिने उन्हामुळे बंद.

आता चेन्नई. मुंबईत राहिलेल्या माणसाला वाटतं की दमट उकाडा माहीत आहे, चेन्नईत त्रास होणार नाही. मुंबईचा उकाडा मिरगाबरोबर सुटतो. चेन्नईत मिरगाला काहीच होत नाही. नैऋत्य मोसमी वारे सह्याद्री ओलांडून तिथवर येईपर्यंत बरेचसे रिकामे झालेले असतात; संध्याकाळी गडगडाटी सरी पडतात, पण जूनची दुपार ३७-३८ वरच राहते. खरी सुटका ऑक्टोबरच्या मध्यानंतर, ईशान्य मोसमी पावसाने. मे महिन्यातल्या साधारण ४ ते २८ तारखांना तिथले लोक अग्निनक्षत्र म्हणतात आणि त्या दिवसांत शक्यतो लांबची कामं काढत नाहीत. आपणही काढू नयेत.

या उकाड्यावर एकच उतारा, समुद्राचं वारं. दुपारी बारा-एकच्या सुमारास ते किनाऱ्यावर लागतं आणि मग हळूहळू आत सरकतं. तिरुवान्मियूर, बेझंट नगरला ते लवकर पोहोचतं, तांबरम-गुडुवांचेरीकडे उशिरा. ज्या दिवशी पश्चिमेचा जमिनीवरचा वारा जोरात असतो त्या दिवशी ते उशिरा येतं, आणि पारा चाळिशी ओलांडतो तो त्याच दिवशी. त्यामुळे घर बघताना पूर्वेची खिडकी उघडते का, की समोर दुसरी इमारत आहे, हे भाड्याइतकंच महत्त्वाचं. अगदी किनाऱ्यालगत मात्र घेऊ नका. खारं वारं एसीच्या बाहेरच्या युनिटची जाळी, ग्रिल, दुचाकी सगळं खातं.

चेन्नईचा वाईट आठवडा कोणता हे विचाराल तर मी मे सांगणार नाही, नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरचा पहिला पंधरवडा सांगेन. वर्षाचा पाऊस सुमारे १४०० मिमी, पुण्याच्या जवळपास दुप्पट, आणि त्यातला निम्म्याहून जास्त ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये. डिसेंबर २०१५ मध्ये चेंबरमबाक्कम तलावातून पाणी सोडलं आणि अड्यार नदी वस्तीत शिरली, विमानतळसुद्धा काही दिवस बंद होता. डिसेंबर २०१६ ला वरदा वादळ, डिसेंबर २०२३ ला मिचाँग. ओएमआरचा पट्टा पळ्ळिकरणैच्या पाणथळीला लागून आहे. वेळाचेरी, पेरुंबाक्कम या भागांत पाणी साठतं ते उगाच नाही. आणि मधल्या काळात, जून २०१९ मध्ये, शहराला पाणी देणारे मोठे तलाव कोरडे पडले होते आणि कंपन्या लोकांना घरूनच काम करा म्हणत होत्या.

म्हणून तिथे घर बघायला गेलात की दलालाला काही विचारू नका. वॉचमनला किंवा कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला विचारा, २०१५ ला पाणी कुठवर आलं होतं आणि २०२३ ला कुठवर. ते हाताने भिंतीवर दाखवतात. तळमजला नको. सगळ्यात वरचा मजलाही नको: चेन्नई १३ अक्षांशावर आहे, एप्रिलच्या शेवटी आणि ऑगस्टच्या मध्यावर सूर्य बरोबर डोक्यावरून जातो, तिथे पश्चिमेच्या भिंतीपेक्षा स्लॅब जास्त तापते. गुरुग्रामला गेलातच तर उलटा विचार करा, दक्षिणेकडची गॅलरी शोधा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, ऊन थेट आत येतं. उन्हाळ्यात तो उंचावर असल्याने वरच्या गॅलरीचीच सावली पडते. आणि सोसायटीचा जनरेटर आहे म्हणून निर्धास्त राहू नका, हवा बिघडली की डिझेल जनरेटरवरही निर्बंध येतात.

दम्याला चेन्नईची हवा मानवेलच असं नाही. ओल, कपाटातली बुरशी, गाद्यांतली धूळ यांनीही दमा उसळतो. पण तो त्रास घरात आटोक्यात ठेवता येतो: कपाटं भिंतीपासून बोटभर पुढे, पावसाळ्यात एसी ड्राय मोडवर, गाद्या जानेवारी-फेब्रुवारीत उन्हात. गुरुग्रामची नोव्हेंबरची हवा तुमच्या हातात नाही. सासूबाईंच्या डॉक्टरांना दोन्ही गावांची नावं सांगून विचारा. रक्तदाबासाठी लघवीच्या गोळ्या चालू असतील तर तेही विचारा, कारण सतत घाम गाळणाऱ्या हवेत त्यांचं प्रमाण बदलावं लागू शकतं, आणि म्हाताऱ्या माणसांना तहान लागलेली कळत नाही.

कोणीतरी बंगळुरू सुचवेलच. समुद्रसपाटीपासून ९०० मीटरवर आहे, हवा पुण्यापेक्षाही मऊ. पण तिथे तुम्हाला नोकरी कुणी देऊ केलेली नाही, आणि दमा-ॲलर्जीवाले तिथेही परागकणांनी बेजार होतात. सोडून द्या.

गाव बघायला जाल तेव्हा जानेवारीत चेन्नईला आणि मार्चमध्ये गुरुग्रामला जाऊ नका. चेन्नईची मार्गळी, म्हणजे डिसेंबरचा मध्य ते जानेवारीचा मध्य, इतकी सुंदर असते की कुणीही घर घेऊन परत येईल. गुरुग्रामचा फाल्गुनही तसाच. चेन्नईला मेमध्ये आठवडाभर राहा, हॉटेलात नव्हे, कुणाच्या तरी घरी किंवा स्वयंपाकघर असलेल्या जागेत, आणि दुपारी बाराला पोळ्या करून बघा. गुरुग्रामला नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात जा, सासूबाईंना न नेता.

माझं मत विचाराल तर चेन्नई. त्यातही रुजू व्हायची तारीख जानेवारीपर्यंत ढकलता आली तर बघा. पावसाळा संपलेला असतो, भिंतींवर ओल कुठवर चढली ते घर बघताना दिसतं, आणि उकाड्याआधी दोन महिने शहराची ओळख होते. मुलीच्या शाळेचं वर्ष मात्र मध्येच तुटेल, तेव्हा ती आणि सासूबाई परीक्षा झाल्यावर आल्या तरी चालेल, फक्त मेच्या आत. पहिलं वर्ष भाड्याने, दुसऱ्या किंवा तिसऱ्या मजल्यावर. कोथरूडचं घर विकू नका, मे महिन्यात सासूबाईंना यायला जागा राहते. गुरुग्रामलाच जावं लागलं तर हीच व्यवस्था नोव्हेंबर ते जानेवारी अशी करा, पण ती आधीच ठरवून, दमा उसळल्यावर नव्हे.

सामानाबद्दलही विचारलं होतंत: प्लायवूडची कपाटं चेन्नईला नेऊ नका, दारं फुगतात. चेन्नईला जाणार असाल तर कूलर पुण्यातच देऊन टाका. आणि दिवाळीचा चिवडा थोडा-थोडाच करा, तिकडे दिवाळी पावसात येते आणि डब्यातसुद्धा तो सादळतो.