सोलापूरच्या हवामानाच्या आकड्यांचा हीटमॅप: उणे ०.२ चा सहसंबंधही गडद निळा का दिसतो?

हीटमॅप म्हणजे आकड्यांनुसार रंगवलेला तक्ता, आणि सहसंबंध म्हणजे दोन गोष्टी किती सोबत बदलतात ते सांगणारा उणे १ ते १ मधला आकडा. उणे ०.२ गडद दिसतो तो रंगपट्टीची टोकं बांधून दिलेली नाहीत म्हणून. सीबॉर्न या पायथन लायब्ररीच्या हीटमॅपला व्हीमिन (खालचं टोक) उणे १ आणि व्हीमॅक्स (वरचं टोक) १ द्या, तो चौकोन लगेच फिकट होईल. टोकं दिली नाहीत तर सीबॉर्न ती तुमच्या तक्त्यातल्या आकड्यांवरूनच ठरवतं. कर्णावर, जिथे प्रत्येक गोष्टीची स्वतःशीच जोडी लागते, नेहमी १ असतो, त्यामुळे वरचं टोक बरोबर बसतं, पण खालचं टोक तुमच्या सर्वांत लहान आकड्यावर, म्हणजे उणे ०.२ वर जातं. मग कूलवॉर्म या निळ्यापासून लालपर्यंतच्या रंगसंगतीतला मधला राखाडी रंग शून्याऐवजी ०.४ वर येतो आणि शून्यसुद्धा निळा दिसतो. अ‍ॅनॉट हा पर्याय ट्रू ठेवा, म्हणजे प्रत्येक चौकोनात आकडा छापला जाईल. नुसत्या रंगावर कधीच विसंबू नका.

मात्र रंग नीट झाले तरी पाऊस आणि तापमानाच्या चौकोनावरून निष्कर्ष काढू नका. सोलापुरात जानेवारीत गारवा आणि पाऊस जवळपास नाही, मे महिन्यात पारा चाळिशीपार तरी पाऊस थोडाच, आणि सप्टेंबरात पारा या दोन्हींच्या मधला पण पाऊस भरपूर. हा संबंध मध्ये उंचावून पुन्हा उतरणारा आहे. पिअर्सन ही सहसंबंध मोजायची पद्धत फक्त सरळ रेषा मोजते, आणि स्पिअरमन या दुसऱ्या पद्धतीलाही एकाच दिशेने चढणारा किंवा उतरणारा संबंध लागतो, म्हणून ती वापरूनही इथे फरक पडणार नाही. या जोडीचा स्कॅटर प्लॉट (ठिपक्यांचा आलेख) महिन्यानुसार रंग देऊन वेगळा काढा.