ओढ्याच्या तळातील किडे आणि पाण्याची पारख

प्रश्न : आमच्या ओढ्याचे पाणी नितळ दिसते, पाणी तपासणीचा अहवालही चांगला आला, तरी दोन वर्षांपासून दगडांखालचे खेकडे आणि किडे दिसेनासे झाले आहेत. वरच्या अंगाला कोंबड्यांची शेड आहे. दोष तिचाच समजावा का, आणि हे पाणी भाजीपाल्याला व जनावरांना चालेल का? (भोर तालुक्यातील ओढ्याकाठचे शेतकरी)

उत्तर : आपला अहवाल आणि आपले निरीक्षण ही दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात. सिंचनाच्या पाण्याच्या नेहमीच्या तपासणीत सामू, विद्युत वाहकता (पाण्यातल्या एकूण क्षारांचे माप) आणि सोडियम, बायकार्बोनेट यांसारखे क्षार पाहिले जातात. कीटकनाशकाचा अंश किंवा पाण्यात विरघळलेला प्राणवायू सहसा पाहिला जात नाही. शिवाय बाटलीतला नमुना ज्या घटकेला भरला त्या घटकेपुरताच बोलतो. तळाशी राहणारे किडे मात्र आठवडेच्या आठवडे, काही जाती तर वर्षभर, त्याच दगडांखाली वाढतात, त्यामुळे रात्री सोडलेली घाण किंवा एखाद्या दुपारी ओढ्यात धुतलेला फवारणी पंप यांची नोंद त्यांच्या असण्या-नसण्यात राहून जाते.

ही पारख नवी नाही. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकाच्या अखेरीस किड्यांच्या कुळांना त्यांच्या नाजूकपणानुसार १ ते १० गुण देण्याची पद्धत बसवली गेली आणि आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने ती भारतीय नद्यांसाठी जुळवून घेतली. ब्रिटनच्या मूळ तक्त्यात स्टोनफ्लाय या अतिशय नाजूक किड्याच्या बहुतेक कुळांना १०, डासासारख्या माशीच्या तांबड्या अळ्यांच्या कुळाला २ आणि गाळातल्या गांडूळवर्गीय किड्यांना १ गुण आहे.

आपल्याला गुणांची बेरीज करण्याची गरज नाही. शेडच्या वर एक, शेडच्या खाली एक आणि आपल्या शेतांच्या खाली एक, अशा तीन जागा घ्याव्यात. पावसाचा लोंढा ओसरून दोन-तीन आठवडे झाल्यावर, पण धार वाहती असतानाच हे करावे, कारण धार तुटली की नाजूक किडे प्रदूषणाशिवायही नाहीसे होतात. तिन्ही ठिकाणी खळाळ आणि गोटे सारखे असावेत. बारीक जाळी प्रवाहाच्या खालच्या बाजूला धरून वरच्या बाजूचे गोटे पायाने तीन मिनिटे ढवळावेत, मोठे दगड हाताने चोळावेत आणि जाळीतला ऐवज पांढऱ्या ताटात थोड्या पाण्यात पसरावा. किडे किती आहेत यापेक्षा किती तऱ्हेचे आहेत हे लिहून ठेवावे.

पोटाच्या कडेला पिसांसारखे कल्ले आणि बहुधा तीन शेपट्या असलेली मेफ्लायची पिल्ले, दोन शेपट्यांची स्टोनफ्लायची पिल्ले, वाळूच्या कणांचे घरटे अंगावर वागवणाऱ्या कॅडिसफ्लायच्या अळ्या आणि दगडाला जुन्या पैशासारखे चिकटलेले चपटे भुंगेऱ्याचे पिल्लू ही मंडळी भेटली, तर पाण्यात प्राणवायू भरपूर आहे. मेफ्लायमधल्या काही जाती मात्र बऱ्याच सोशीक असतात, म्हणून एकट्या मेफ्लायवर निकाल देऊ नये. चतुर आणि ‘टाचणी’ हा त्याचाच सडपातळ भाईबंद यांची पिल्ले मधल्या पायरीवरची. नाजूक तऱ्हा जाऊन तांबड्या अळ्या, गाळात वळवळणारे बारीक तांबडे किडे आणि जळवा यांची गर्दी झाली असेल, तर शेण, विष्ठा किंवा सांडपाणी कुजून प्राणवायू कमी झाला आहे. त्या अळ्यांचा तांबडा रंग हिमोग्लोबिनचा असतो आणि म्हणूनच त्या तिथे तग धरतात.

आपल्या वर्णनाप्रमाणे खेकडे व किडे दोन्ही गेले आहेत. त्याच जागी गोगलगायी आणि गाळातले किडे शाबूत असतील, तर माझा पहिला संशय शेडवर नसून सायपरमेथ्रिन, लॅम्बडा सायहॅलोथ्रिन यांसारख्या कीटकनाशकांवर राहील. ही औषधे कीटक व खेकडावर्गाला अत्यल्प मात्रेतही मारक असतात, तर गोगलगायींना त्या मानाने फारच कमी बाधतात. (खाचराच्या बांधाला बिळे पडत नाहीत म्हणून खेकडे गेल्याचा काहींना आनंद झाला असेल, ते मी समजू शकतो.) शेडच्या खाली तांबड्या अळ्या वाढलेल्या दिसल्या तर दोष शेडकडे जातो, शेडखालची यादी वरच्यासारखीच आणि फक्त शेतांखालची रिकामी असेल, तर तो आपल्याच पंपांकडे येतो. तोपर्यंत पंप ओढ्यात धुणे बंद करावे, डबे तीनदा विसळून ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओतावे आणि काठालगत गवताची पट्टी राखावी.

आता वापराविषयी. या पारखीतून रोगजंतू, नायट्रेट किंवा क्षार कळत नाहीत. माणसांच्या पिण्यासाठी जिवाणू तपासणी स्वतंत्रच करावी लागेल. अहवालातील वाहकता योग्य असल्याने फळभाज्यांना हे पाणी सरीतून देण्यास हरकत नाही. कोथिंबीर, मेथी यांवर मात्र शेडचा उलगडा होईपर्यंत ते शिंपडू नये. फवारणीच्या दिवसांत जनावरांना ओढ्यावर नेऊ नये. काठच्या संथ डबक्यांत लहान गोगलगायी खूप असतील तर तेथे जनावरे कायमचीच टाळावीत, कारण यकृतातील पर्णकृमींचा (पानासारख्या चपट्या जंतांचा) प्रसार अशाच काही गोगलगायींमार्फत होतो. न ओळखलेले किडे स्पिरिट भरलेल्या बाटलीत, जागेची चिठ्ठी लावून, कार्यालयात आणावेत.