वडिलांची आवडती गाणी आणि त्यांमागच्या आठवणी कशा जपून ठेवाव्यात?

तुम्ही लिहिलंय त्याप्रमाणे वडील 78 वर्षांचे आहेत, सांगलीतच असतात, हल्ली माणसांची नावं विसरतात, पण गाणं लागलं की पुढची ओळ बरोबर म्हणतात. घरात वीसेक कॅसेट आहेत. एकीवर तुमच्या दिवंगत आईच्या जात्यावरच्या ओव्या आहेत आणि दोन कॅसेट 2019 च्या पुरात भिजलेल्या आहेत. गाण्यांची यादी करून प्रत्येकीमागची आठवण टिपायची आहे, आणि गाणी नेटवर मिळत असताना कॅसेटचा खटाटोप करावा का, असा तुमचा प्रश्न आहे.

करावा, असं माझं ठाम मत आहे. आठवण गाण्याच्या शब्दांपेक्षा कानावर पडलेल्या नेमक्या आवाजाला जास्त चिकटलेली असते. गीतरामायणाचंच बघा. आपल्या आटपाडी तालुक्यातल्या शेटफळ्याचे गदिमा, संगीत बाबूजींचं, आणि 1 एप्रिल 1955 पासून पुणे आकाशवाणीवर वर्षभर 56 गीतं. पण रेडिओवर ती वेगवेगळ्या गायक-गायिकांनी गायली होती. पुढं बाबूजींच्या एकट्याच्या आवाजातल्या ध्वनिमुद्रिका घरोघर गेल्या आणि आज नेटवर शोधलं की बहुधा त्याच समोर येतात. ज्यानं लहानपणी रेडिओवर ऐकलं त्याच्या कानात वेगळा गळा असू शकतो. नाट्यगीतांचंही तसंच. 78 फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन-साडेतीन मिनिटं बसायची, म्हणून पद आटोपतं घेतलेलं असायचं. तबकडीवर ऐकून वाढलेल्या माणसाला मैफलीतलं वीस मिनिटांचं तेच पद ऐकवलं तर तो मान डोलावेल, पण घर आठवेलच असं नाही.

म्हणून यादीत नुसतं गाण्याचं नाव लिहू नका. कुणी गायलेलं, कशावर ऐकलेलं (रेडिओ, तबकडी, कॅसेट, लग्नातला कर्णा) हेही लिहा.

कोणत्या वर्षांची गाणी शोधायची याचा आडाखा सोपा आहे. माणसाला साधारण दहाव्या ते तिसाव्या वर्षातल्या आठवणी सगळ्यात दाट असतात. वडिलांचा जन्म 1947 च्या आसपासचा, म्हणजे 1957 ते 1977 हा तुमचा मुख्य पट्टा. विविध भारती 1957 मध्ये सुरू झाली आणि सांगली आकाशवाणी 1963 मध्ये, म्हणजे ते सोळा-सतरा वर्षांचे असताना. यात दोन दुरुस्त्या करा. तंबू टॉकीजमध्ये सिनेमे उशिरा पोचायचे, तेव्हा गाणं प्रदर्शनाच्या वर्षावरून न मोजता दोन-तीन वर्षं पुढं धरा. आणि आई-वडिलांच्या तारुण्यातली गाणी मुलांच्या कानात आपोआप बसतात, त्यामुळे तुमच्या आजी-आजोबांच्या काळातली चार-सहा पदं, भजनं, अभंग यादीत असू द्या.

विचारताना ‘बाबा, तुमचं आवडतं गाणं कोणतं?’ असं विचारू नका. या प्रश्नाला उत्तर शोधावं लागतं, आणि विसरणाऱ्या माणसाला नेमकं तेच जड जातं. जागा विचारा. रेडिओ कुठल्या खोलीत होता, त्याला हात कोण लावायचं? गावच्या जत्रेत कनात कुठं पडायची? मिरजेच्या उरुसातल्या गाण्याच्या बैठकीला कधी गेला होता का? लग्नात कर्ण्यावर काय लावलं होतं? जागा आठवली की गाणं बहुतेक वेळा मागोमाग येतं.

गाणं लावताना ते सुरुवातीच्या वाद्यमेळापासून लावा. थेट मुखड्यावर उडी मारली तर ओळखायला मदत होते, पण आठवण यायला लागणारे ते दहा-पंधरा सेकंद हातचे जातात. एका बैठकीत चार-पाच गाणी, वीस-पंचवीस मिनिटं, बस. सकाळी चहानंतरची वेळ बहुतेकांना मानवते. संध्याकाळी दमल्यावर चिडचिड होते. गाणं संपल्यावर लगेच ‘काय आठवलं?’ म्हणू नका, अर्धा मिनिट गप्प राहा. बोलायला लागले की गाणं बंद करा आणि फोनवरचं रेकॉर्डिंग चालू ठेवा, फोन हातभर अंतरावर, मऊ रुमालावर. टेबलावर नुसता ठेवला तर कपबशीचा प्रत्येक आवाज ठोका होऊन बसतो. तपशील चुकला तरी दुरुस्त करू नका. वर्ष चुकलं तर तुमच्या वहीत बरोबर वर्ष लिहा, त्यांच्यासमोर नको. एखाद्या गाण्यानं डोळे भरून आले तर ते वाईटच असं नाही. पण ते अस्वस्थ होऊन उठायला लागले तर ते गाणं यादीतून काढून वेगळ्या पानावर लिहून ठेवा.

आता कॅसेट. सगळ्यात आधी, काहीही वाजवण्याआधी, प्रत्येक कॅसेटच्या मागच्या कडेचे दोन छोटे प्लास्टिकचे तुकडे मोडलेत का बघा. नसतील तर स्क्रू ड्रायव्हरनं मोडा. नाहीतर रेकॉर्डचं बटण चुकून दाबलं तर आईचा आवाज पुसला जाईल, आणि तो परत आणायला कुठलाही उपाय नाही.

मग टेपरेकॉर्डर. ओव्या ज्या यंत्रावर भरल्या ते घरात असेल आणि चालू करता येत असेल तर तेच वापरा. भरताना हेडचा (टेपला टेकून आवाज भरणाऱ्या-वाचणाऱ्या भागाचा) कोन थोडा तिरका असेल, तर तसाच तिरका असलेला हेड तो आवाज सगळ्यात स्वच्छ वाचतो. वर्षानुवर्षं पडून असलेल्या यंत्राचा रबरी बेल्ट ताणलेला किंवा चिकट झालेला असतो. त्यानं सूर डळमळतो किंवा टेप आत गुंडाळली जाते. बेल्ट बदलून घ्या. दुरुस्तीवाल्याला जुन्या बेल्टचं माप देऊ नका, तो लांबलेला असतो. यंत्रच द्या. हेड आणि कॅपस्टनचा दांडा (टेप पुढं ओढणारा धातूचा बारीक दांडा) कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा, काडी पांढरी राहीपर्यंत. रबरी रोलरला ओलसर कापड पुरतं, आणि टेपला अल्कोहोल लावू नका. पहिली चाचणी बाजारातल्या एखाद्या जुन्या, नको असलेल्या कॅसेटवर घ्या.

कॅसेट वाजवण्याआधी ती एकदा पूर्ण पुढं आणि एकदा पूर्ण मागं फिरवा. वर्षानुवर्षं दाबून बसलेले थर सुटे होतात. जड वाटली तर यंत्रावर जोर देऊ नका, सहा कोनी पेन्सिल घालून हातानं फिरवा. आवाज एकदम मंद, गोधडीखालून आल्यासारखा येत असेल तर बहुतेक वेळा दोष टेपचा नसून फेल्टच्या छोट्या गादीचा असतो. टेप हेडवर दाबून धरणारी ती गादी गोंद सुकून गळून पडते. उपाय म्हणजे पाच स्क्रूंच्या दुसऱ्या चांगल्या कॅसेटचं कवच घेऊन त्यात आपली रिळं हलवायची. उघडण्याआधी फोनवर फोटो काढा. टेप दोन्ही कोपऱ्यांतल्या चाकांवरून कशी जाते, दोन पातळ कागद कुठं बसतात, हे नंतर आठवत नाही. टेपची हेडला टेकणारी बाजू बाहेरच राहिली पाहिजे.

टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून संगणकात घ्यायची. लॅपटॉपचं एकुलतं एक भोक बहुधा हेडफोन-माइकचं असतं, बाहेरच्या यंत्राचा आवाज घेणारं लाइन-इन नसतं. त्यात ही वायर घातली की आवाज आत जातच नाही, किंवा गेला तरी फाटतो आणि डावा-उजवा मिळून एकच होतो. लाइन-इन असलेलं छोटं यूएसबी साउंड कार्ड घ्या. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. त्यात 44.1 किलोहर्ट्‌झ, 24 बिट आणि वेव्ह फाइल (आवाज न दाबता साठवणारी) हे पर्याय निवडा. सगळ्यात मोठा आवाज उणे 6 डेसिबलच्या पुढं जाऊ देऊ नका. 60 मिनिटांच्या कॅसेटला दोन्ही बाजू मिळून साधारण 950 एमबी जागा लागते. एमपी3 नंतर ऐकण्यासाठी करा, मूळ ठेवा वेव्हमध्येच.

ओव्यांच्या कॅसेटबद्दल थोडं सविस्तर, कारण चांगल्या हेतूनं सगळ्यात जास्त नुकसान तिथं होतं. सॉफ्टवेअरमध्ये ‘नॉइज रिडक्शन’ असतं. ते एकसारखा चालणारा आवाज ओळखून कमी करतं. जात्याची घरघर त्याला असाच आवाज वाटतो. घरघर गेली की ओवीची लय ज्या फेऱ्यांवर उभी असते तो आधारच जातो, आणि गळा पाण्यातून बोलल्यासारखा होतो. मागचा कोंबडा, भांड्याचा आवाज, पोराला दिलेली हाक, हे काहीही काढू नका. वडिलांना घर आठवेल ते यातूनच. फार तर 40 हर्ट्‌झच्या खालचा गडगडाट कापा, तोही प्रतीवर.

वेगाकडे मात्र लक्ष द्या. घरगुती रेकॉर्डिंग पुष्कळदा बॅटरीवर व्हायचं. बॅटरी उतरत गेली की भरताना टेप हळू फिरते, आणि आज योग्य वेगानं वाजवली की बाजू संपेपर्यंत आवाज बारीक आणि घाईचा होत जातो. वेग सहा टक्के वाढला की सूर साधारण अर्धा स्वर चढतो, म्हणजे ओळखीचा गळा परका वाटायला तेवढा पुरतो. विजेवर भरलेलं असेल तर पुरावा टेपमध्येच असतो. मागं विजेची बारीक गुणगुण असते, ती 50 किंवा 100 हर्ट्‌झवर यायला हवी. 104 वर आली तर वेग चार टक्के जास्त आहे. टेप थांबवल्यावरही गुणगुण राहिली तर ती तुमच्या आजच्या वायरची आहे, ती धरू नका. दुरुस्ती करताना वेग आणि सूर एकत्र बदलणारा पर्याय वापरा. नुसता सूर उतरवला तर जातं चुकीच्या वेगानं फिरत राहतं. बॅटरीचं रेकॉर्डिंग असेल तर दोन-दोन मिनिटांचे तुकडे करून कानानं जुळवा, आणि शेवटचा निर्णय आईचा आवाज जवळून ऐकलेल्या माणसावर सोडा.

ओव्या लिहून घेताना भावाचं, गावाचं, सोयऱ्याचं नाव आलं की ते कोण, हे वडिलांना किंवा मावशी-आत्यांना विचारून समासात लिहा. ओवीचा साचा पुष्कळ ठिकाणी सारखा असतो, हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या संग्रहात एक लाखाहून जास्त ओव्या आहेत, तिथं जवळची ओवी सापडेलही. पण आईच्या तोंडचा शब्द छापील शब्दाप्रमाणे बदलू नका.

पुरात भिजलेल्या दोन कॅसेट सगळ्यात शेवटी घ्या, आणि चांगल्या यंत्रात तर अजिबात घालू नका. गाळाची वाळू हेड घासते आणि पांढरी बुरशी असेल तर ती हेडवरून पुढच्या कॅसेटला लागते. तोंडाला मास्क लावून गच्चीवर उघडा. नुसता कोरडा गाळ कवचातच असेल तर मऊ ब्रशनं झाडून रिळं नव्या कवचात घाला. रिळाचे थर एकमेकांना चिकटले असतील तर ओढू नका, कारण चुंबकीय थर सुटून येतो आणि त्याच्याबरोबर आवाजही. अशी कॅसेट ध्वनिसंग्रहाचं काम करणाऱ्याकडेच द्या. उन्हात वाळवणं, ड्रायर मारणं दोन्ही टाळा.

फाइलचं नाव वर्षानं सुरू करा, उदाहरणार्थ ‘1984 ओव्या बाजू-अ’. नेमकं वर्ष माहीत नसेल तर ‘1984 सुमारे’ लिहा. आठवणीचं रेकॉर्डिंग त्याच नावाच्या फोल्डरमध्ये. तीन प्रती करा, त्यातली एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे, कृष्णेच्या पाण्यापासून लांब. कॅसेट टाकून देऊ नका. पूर्ण एका बाजूला फिरवून, उभ्या, स्पीकरपासून दूर ठेवा.

आणि ओव्यांची फाइल त्या गाण्यांच्या यादीत मिसळू नका. गाणी एकामागून एक आपोआप लागत असताना अचानक आईचा आवाज आला तर वडिलांना तो झेपेलच असं नाही. ती वेगळी ठेवा, लावण्याआधी ‘आईच्या ओव्या लावू का?’ असं विचारा, आणि ते नको म्हणाले तर त्या दिवशी नको.