इथाका गाव कसे आहे, ते गाड्यांच्या मागे वाचा

नमस्कार. येत्या ऑगस्टमध्ये पत्नी आणि मुलीसह आपण अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्नेल विद्यापीठात संशोधनासाठी येत आहात आणि ते जिथे आहे ते इथाका हे गाव विचारांनी कसे आहे, आपल्यासारख्यांना तिथे मोकळेपणाने राहता येईल का, असे आपण विचारले आहे. अकरा वर्षे इथे काढल्यावर मी एवढेच सुचवीन की पहिल्याच शनिवारी कायुगा तलावाकाठच्या शेतकरी बाजारात जा आणि भाजी घेण्याआधी तिथे उभ्या असलेल्या गाड्यांच्या मागच्या बाजू नीट वाचा.

आपल्याकडे गाडीच्या मागे आईचा आशीर्वाद, कुलदैवत आणि मुलांची नावे असतात. त्यावरून मालक कोणाचा, ते कळते. इथे मालकाचे मत कळते. गेल्याच आठवड्यात मी एक जुनी सुबारू गाडी थांबून वाचली. रस्त्यावर हिवाळ्यात टाकतात त्या मिठाने तिच्या डिकीची कड गंजली होती. डावीकडे हिरव्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘इथाका इज गॉर्जेस’, म्हणजे इथल्या खोल घळी आणि सौंदर्य यांवरचा श्लेष. शेजारी डाव्या विचारांचे नेते बर्नी सँडर्स यांच्या अध्यक्षीय उमेदवारीच्या प्रचाराचा २०१६ चा, उन्हाने फिका पडलेला स्टिकर. आणि खाली फ्रॅकिंगला, म्हणजे खडक फोडून नैसर्गिक वायू काढण्याला, विरोध. शेजारच्या ड्रायडन गावाने फ्रॅकिंगवर स्थानिक नियमांनी बंदी घातली, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ती उचलून धरली आणि त्याच वर्षाअखेरीस राज्य सरकारनेही फ्रॅकिंगवर बंदी जाहीर केली. लढा संपूनही लोक तो स्टिकर काढत नाहीत, कारण तो त्यांनी स्वतः लढलेला आहे. पाणी, जमीन आणि हवामान यांविषयीची इथली आस्था दिखाऊ नाही, हे मी खात्रीने सांगतो.

‘कोएक्झिस्ट’, म्हणजे ‘एकत्र नांदा’, हा शब्द तर जागोजागी दिसेल, त्यातली काही अक्षरे धर्मचिन्हांनी काढलेली. पिओत्र म्लोदोझेनेत्स या पोलिश चित्रकाराने तो जेरुसलेममधील एका प्रदर्शनासाठी केला, तेव्हा त्यात चंद्रकोर, दाविदाचा तारा आणि क्रूस एवढीच चिन्हे होती. अमेरिकेत पुढे शांतीचिन्ह, यिन-यांग अशी भर पडली. इथे सर्रास दिसणाऱ्या नमुन्यात ॐ मात्र नाही. माझ्या मुलीने आठव्या वर्षी, ‘बाबा, यात आपण कुठे?’ असे विचारले, तेव्हा मला चटकन उत्तर सुचले नाही. आज मी म्हणेन की यात दुरावा नाही, आपण त्यांच्या डोळ्यांसमोर नसतो एवढेच. दिवाळीला शेजाऱ्यांना घरी बोलवा. ते येतात, मनापासून विचारतात आणि ऐकतात.

मात्र बाजारातल्या गाड्या वाचून थांबू नका. इथले घरभाडे इतके चढे आहे की वसतिगृहे झाडणारे, स्वयंपाकघरे चालवणारे, बर्फ उपसणारे अनेक कर्मचारी दूरच्या खेड्यांतून गाडीने येतात. पहाटे विद्यापीठाच्या कडेच्या पार्किंगमध्ये गेलात तर पिकअप ट्रकांवर शिकारीची, स्वयंसेवी अग्निशमन दलाची चिन्हे दिसतील, आणि राज्याचा २०१३ चा शस्त्रनियंत्रण कायदा, ज्याला इथे सेफ ॲक्ट म्हणतात, रद्द करण्याची मागणीही. हाही कॉलेजचाच समाज आहे, पण प्राध्यापकांच्या मेजवान्यांत त्याचा उल्लेख निघत नाही, याचे मला फार वाईट वाटते. आपल्या प्रयोगशाळेची सफाई करणाऱ्यांशी नावाने ओळख करून घ्या. या गावाविषयी मला जे ठाऊक आहे त्यातले निम्मे मी त्यांच्याकडून शिकलो.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. व्हिसावर असेपर्यंत गाडीवर राजकीय मत चिकटवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सध्याचे दिवस तसे नाहीत. जुनी गाडी घेतलीत तर आधीच्या मालकाची मतेही तिच्यासोबत येतील. ती नको असतील तर हेअर ड्रायरने स्टिकर गरम करून कोपऱ्यापासून सावकाश सोलावे, आणि हे काम ऑक्टोबरपर्यंत उरकावे, कारण एकदा थंडी पडली की कागद तुकड्यातुकड्यांनी निघतो आणि गोंद तसाच राहतो.