फ्रेंच यकृतातले अंजीर

फ्रेंचमध्ये यकृताला 'फ्वा' म्हणतात. या एका शब्दाबद्दल तीच गल्लत करणारी पत्रे वारंवार येतात, म्हणून ही उत्तरे एकत्र.

प्रश्न : श्रद्धेलाही 'फ्वा'च म्हणतात. मूळ एकच ना?

नाही. श्रद्धेचा 'फ्वा' लॅटिन 'फिदेस'पासून, यकृताचा 'फिकातुम'पासून आला. स्पेलिंगही वेगळे आहे.

प्रश्न : यकृताच्या नावात अंजीर कुठून आले?

लॅटिनमध्ये 'फिकुस' म्हणजे अंजीर. रोमन लोक डुकरिणींना सुकी अंजिरे चारून त्यांचे यकृत फुगवत. रोमन लेखक प्लिनीने या युक्तीचे श्रेय आपिकियुस या खवय्याला दिले आहे. अशा यकृताला ग्रीकच्या धर्तीवर 'येकुर फिकातुम' ('येकुर' म्हणजे यकृत, 'फिकातुम' म्हणजे अंजिरांवर पोसलेले) म्हणत. पुढे 'येकुर' गळाले आणि विशेषणच नाम झाले. इटालियन 'फेगातो' आणि स्पॅनिश 'इगादो' याच घरातले. फ्रेंचकडे येताना आघात (उच्चारातला जोर) 'का'वरून पहिल्या अक्षरावर सरकला. हे विसरून ध्वनिनियम (उच्चार काळानुसार कसे बदलतात याचे नियम) लावले, तर शेवटी 'ए' उरायला हवा आणि हिशेब चुकतो.

प्रश्न : 'फ्वा' आपल्या 'यकृत'वरूनच आला, असा संदेश फिरतो आहे. खरे का?

खोटे. असले संदेश पुढे पाठवू नका. 'यकृत'चे खरे नातेवाईक म्हणजे गळून गेलेला 'येकुर' आणि ग्रीक 'हेपार', ज्यावरून 'हिपॅटायटिस' आला. तेही संस्कृतातून निघालेले नाहीत. तिघे भावंडे आहेत. नुसत्या उच्चारसाम्याने नाते ठरत नाही, नियम दाखवावा लागतो. संस्कृत 'य' तिथे ग्रीक 'ह' : 'यः' आणि 'होस' (दोन्हींचा अर्थ 'जो'). संस्कृत 'क' किंवा 'च', लॅटिन 'क्व', ग्रीक 'प' : 'सचते', 'सेक्वितुर', 'हेपेताइ' (तिन्हींचा अर्थ 'मागे जातो'). याहून पक्का पुरावा विभक्तीत आहे. प्रथमेत 'र' किंवा 'ऋ' आणि षष्ठीत 'न' : 'यकृत्, यक्नः', 'येकुर, येकिनोरिस'. इतका विचित्र बदल योगायोगाने जुळत नाही. पाणिनीनेही 'यकृत्'ला 'यकन्' हा पर्याय सूत्रात (६.१.६३) नोंदवला आहे. शंका राहिली तर संस्कृतच्या अध्यापकांकडून 'यकृत्' शब्द चालवून घ्या.

प्रश्न : अंजीर-चूर्ण विकणारे म्हणतात, युरोपात यकृताचे नावच अंजिरावरून पडले, म्हणजे ते यकृताचे औषध. घ्यावे का?

नावावरून औषध ठरत नाही. हे नाव तर जनावराचे यकृत मुद्दाम चरबट करण्यावरून पडले! तक्रार असेल तर आजच डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : प्रबंध पुढच्या आठवड्यात छापायला जातो. इंटरनेटवरची व्युत्पत्ती चालेल?

आधी ऐतिहासिक फ्रेंच कोशात सर्वांत जुने लिखित रूप पाहा, मग मार्गदर्शकांना दाखवा. तोवर छपाई थांबवा.